कोवळ्या झाडाचा बहार

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. येलदरी कॅम्पातल्या घराच्या ओट्यावर मी उन्हाला बसलो होतो. गावातले एक ओळखीचे शेतकरी आले, जोडे काढून पायरीवर टेकले आणि पिशवीतून घडी घातलेला कागद काढून म्हणाले, "सायेब, जरा वाचून सांगा. सही करू का नको?"

बँकेतून निवृत्त होऊन मला आता काही वर्षं झाली, पण गावाच्या लेखी मी अजून काउंटरच्या आतलाच माणूस आहे. पुण्या-मुंबईचे स्नेही मला कादंबरीकार म्हणतात. येलदरीत माझी कादंबरी कोणी वाचल्याचं ऐकिवात नाही. इथे लोक माझ्याकडे येतात ते कागद घेऊन. सातबारा, विम्याचा फॉर्म, बँकेची नोटीस. हा कागद मात्र निराळा होता. तो कबड्डीचा होता.

त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा. बारावीत शिकतो. चढाईला गेला की समोरच्यांच्या हाताला लागत नाही, अशी त्याची ख्याती जिंतूर तालुक्यात झालेली. लांबच्या शहरातल्या एका अकादमीच्या माणसाने त्याला एका स्पर्धेत हेरलं होतं. कागदाचा मथितार्थ असा : मुलाने कॉलेज सोडून वर्षभर अकादमीत राहायचं, त्याचे दोन लाख रुपये बापाने भरायचे, अकादमीने त्याला लीगच्या निवडकर्त्यांसमोर उभं करायचं, आणि पुढची दहा वर्षं मुलगा जे कमावील त्यातला पाचवा हिस्सा अकादमीला द्यायचा. दुखापत झाली तर काय, याबद्दल एक अक्षर नाही. शिक्षणाबद्दल नाही. खाली 'पालकाची सही' अशी मोकळी जागा.

बँकेच्या मराठीत अठरा वर्षांखालच्या खातेदाराला 'अज्ञान' म्हणतात. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे त्याने स्वतः केलेला करार कायदा मानतच नाही. म्हणून तर बापाची सही हवी होती. कागद वाचून झाल्यावर बाप म्हणाला, "तीन एकरावर दोन लाख देईल का बँक?"

मी त्यांच्याकडून दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत जे मनात आलं ते इथे मांडतो आहे, कारण असा कागद घेऊन बसलेला बाप महाराष्ट्रात एकटा नाही. खेळ निराळा असेल, शहर निराळं असेल. घाई तीच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. या बापाला लोभी म्हणणं सोपं आहे आणि चूक आहे. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा लिलावातला सर्वांत महागडा खेळाडू राकेश कुमार होता, १२ लाख ८० हजारांचा. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर दोन कोटी साठ लाखांवर बोली गेली. नऊ वर्षांत वीसपट. कोरडवाहू तीन एकरवाल्याने या नऊ वर्षांत सोयाबीनचे आणि कापसाचे भाव पाहिलेले असतात. त्याच्या हिशेबात दोन लाख हा जुगार नाही. शेती हा जुगार आहे.

शिवाय पूर्वी खेळाडू मुलाला चढायला एक जिना होता. किशोर गट, कुमार गट, मग जिल्हा, राज्य. आणि या पायऱ्या चढताना कुठेतरी नोकरी. बँका, रेल्वे, विमान कंपन्या, महिंद्रासारखे कारखाने कबड्डीचे संघ बाळगत. आमच्या बँकेतही खेळाडू म्हणून घेतलेला एक कारकून माझ्या शेजारच्या टेबलावर होता. दुपारी सरावाला पळायचा, त्याच्या राहिलेल्या नोंदी आम्ही कुरकुरत पूर्ण करायचो. पस्तिशीत त्याचा गुडघा गेला आणि तो पूर्णवेळ टेबलावर आला. साठाव्या वर्षी निवृत्त झाला, पेन्शन घेतो, नातवंडांना पकडी शिकवतो. तो मोठा खेळाडू झाला नाही, पण खेळामुळे त्याचं वाटोळंही झालं नाही. आज या जिन्याच्या खालच्या पायऱ्या खिळखिळ्या झाल्या आहेत. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, पण मुळात जागा किती निघतात हे परीक्षा देऊन थकलेल्या कोणत्याही मुलाला विचारा. मधल्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या की माणूस उडी मारायला बघतो. लीग ही ती उडी आहे.

आता माझी एक जुनी चूक सांगतो. नव्वदच्या दशकात मी अंबड-घनसावंगी भागातल्या एका शाखेत शेतीकर्जं बघत होतो. तो मोसंबीचा मुलूख. मोसंबीला बहार आपोआप येऊ देत नाहीत, तो 'धरावा' लागतो. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानं कोमेजू द्यायची, मग खत-पाणी दिलं की झाड फुलांनी लगडतं. पण हे करायचं ते झाड चार-पाच वर्षांचं झाल्यावर. त्याआधी फुलं आली तरी खुडून टाकायची असतात. म्हणूनच फळबागेच्या कर्जाला सुरुवातीची काही वर्षं हप्ता नसतो. बाग पोसायची, तिच्याकडून घ्यायचं नाही, हे बँकेच्या नियमातच लिहिलेलं आहे.

एका वर्षी उद्दिष्ट गाठायच्या नादात मी एका शेतकऱ्याची परतफेड दोन वर्षं अलीकडे ओढून कर्ज मंजूर केलं. कागदावर सगळं जमत होतं. तिसऱ्या वर्षी हप्ता भरायचा म्हणून त्याने कोवळ्या झाडांना ताण दिला. बहार असा आला की लोक बघायला येत. हप्ता वेळेवर आला. वरिष्ठांनी माझं कौतुक केलं. पुढच्या वर्षी झाडं वाळायला लागली. दोन वर्षांत त्याने बाग तोडून जळण केलं. त्या शेतकऱ्याने मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. पण ते कौतुकाचं पत्र मी कुठे ठेवलं हे आठवायचा मी कधी प्रयत्न केला नाही.

झाडाला बहार आला म्हणजे ते झाड बहाराला तयार होतं असा अर्थ होत नाही. कोवळ्या खेळाडूंच्या बाबतीत आपण नेमकी हीच गल्लत करतो.

मुंबईतल्या दोन मुलांची उदाहरणं सर्वांना ठाऊक आहेत, पण ती शेजारी ठेवून पाहिली जात नाहीत. दोघेही वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेचे. सर्फराज खानने २००९ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ४३९ धावा केल्या तेव्हा तो बारा वर्षांचा होता. पृथ्वी शॉने २०१३ मध्ये त्याच स्पर्धेत ५४६ धावा केल्या तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

सर्फराज २०१५ मध्ये सतराव्या वर्षी बंगळुरूच्या संघाकडून आयपीएलमध्ये उतरला. पुढच्याच वर्षी तंदुरुस्ती नाही म्हणून त्याला बाहेर बसवण्यात आलं. पुढे दुखापत, मुंबई सोडून उत्तर प्रदेश, तिथून परत मुंबई. वीस-बाविसाव्या वर्षी या मुलाबद्दल 'संपला' असंच बोललं जात होतं. मग जानेवारी २०२० मध्ये त्याने रणजीत उत्तर प्रदेशाविरुद्ध नाबाद ३०१ धावा केल्या. २०२१-२२ च्या रणजी हंगामात ९८२ धावा. तरी कसोटीची टोपी मिळायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. राजकोटला ती टोपी त्याच्या वडिलांनी ओठांना लावली, ते दृश्य आपण सर्वांनी पाहिलं. तेव्हा सर्फराज सव्वीस वर्षांचा होता.

पृथ्वी शॉ त्याच राजकोटला ऑक्टोबर २०१८ मध्ये कसोटीत उतरला आणि पदार्पणातच १३४ धावा काढून गेला. वय अठरा. त्याच वर्षी तो एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार होता आणि दिल्लीच्या संघाने त्याला एक कोटी वीस लाखांना घेतलेलं होतं. एका वर्षात एवढं. २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधात आढळणाऱ्या एका निषिद्ध द्रव्यामुळे आठ महिन्यांची बंदी आली. ते द्रव्य त्याने अजाणतेपणी घेतलं, हे क्रिकेट मंडळानेही मान्य केलं. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला तो पाचवी कसोटी खेळला, त्यानंतर कसोटी संघात दिसला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने त्याला रणजी संघातून वगळलं आणि महिन्याभराने आयपीएलच्या लिलावात त्याच्यावर कोणी बोली लावली नाही. पंचविसावं वर्ष नुकतंच पुरं झालेलं. २०२५ मध्ये तो महाराष्ट्राकडून खेळू लागला आणि रणजीत द्विशतक झळकावलं. त्याची गोष्ट संपलेली नाही, आणि संपू नये असंच कोणालाही वाटेल.

दोष कोणाचा हे ठरवायला मी बसलेलो नाही. मला यातून एवढंच दिसतं की, एकाला लीगने लवकर बाजूला सारलं म्हणून नाइलाजाने तो जिना चढला आणि त्यामुळे मुरला. दुसऱ्याला वरच्या मजल्यावरच बोलावून घेतलं. तिथून पाय घसरला तेव्हा आधाराला मधली पायरी नव्हती. प्रतिभा दोघांकडे होती. मुरायला मिळालेला वेळ सारखा नव्हता.

यावर ताबडतोब येणारा आक्षेप मला माहीत आहे : "मग सचिनचं काय?" सचिन तेंडुलकर सोळाव्या वर्षी कराचीला कसोटी खेळला आणि चोवीस वर्षं खेळत राहिला. खरं आहे. पण सचिनला १९८७ मध्येच मुंबईच्या रणजी चमूत घेतलं होतं आणि वर्षभर अंतिम अकरात खेळवलं नव्हतं, हे आपण विसरतो. तो राखीव म्हणून बसला, मोठ्यांचं क्रिकेट जवळून पाहिलं, आणि डिसेंबर १९८८ मध्ये मैदानात आला. आचरेकर सर होते, थोरला भाऊ अजित होता, आणि महत्त्वाचं म्हणजे त्याच्यावर कोणी बोली लावलेली नव्हती. सचिनचं उदाहरण घाईचं नाही, ते थांबवून ठेवण्याचं आहे. शिवाय जे पार झाले त्यांचीच नावं आपल्याला आठवतात. २०१९ च्या हंगामासाठी सोळा वर्षांच्या प्रयास राय बर्मनला बंगळुरूने दीड कोटींना घेतलं. तो एक सामना खेळला, चार षटकांत ५६ धावा गेल्या, बळी मिळाला नाही. आयपीएलमधला तो त्याचा एकमेव सामना ठरला. त्याचं उदाहरण देऊन कोणी मुलाला अकादमीत घालत नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये बिहारच्या वैभव सूर्यवंशीने चौदाव्या वर्षी आयपीएलमध्ये ३५ चेंडूंत शतक केलं. ते मीही उभा राहून पाहिलं. त्याच्या बाबतीत राजस्थानच्या संघाचा प्रशिक्षक राहुल द्रविड होता हे भाग्य. कारण एकोणीस वर्षांखालच्या मुलांना एकच विश्वचषक खेळू द्यावा, या विचाराशी द्रविडचं नाव जोडलेलं आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात क्रिकेट मंडळाने नियम केला की, सोळा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांतल्या खेळाडूला आयपीएल खेळायची तर आधी किमान एक प्रथम श्रेणी सामना खेळलेला हवा. हेतू चांगला आहे. पण वैभवने पहिला रणजी सामना जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षीच खेळला होता. एका सामन्याची अट म्हणजे उंबरठा आहे, जिना नव्हे.

कबड्डीत प्रश्न आणखी सरळ आहे, कारण इथे अंगाशी अंग भिडतं. कुमार गटात वजनाची मर्यादा असते, मुलगा आपल्या जोडीच्या मुलांशी झुंजतो. लीगमध्ये ही मर्यादा पंच्याऐंशी किलोपर्यंत जाते. पासष्ट किलोचं, अजून उंची वाढत असलेलं पोर चढाईला गेलं की ऐंशी किलोचे दोन बचावपटू त्याच्या मांडीवर आणि घोट्यावर एकदम पडतात. वाढत्या वयात हाडांची टोकं कोवळी असतात. मातीत पाय सरकतो. मॅटवर बूट रुततो आणि पिळा गुडघ्याला बसतो. तिथे वयाने पक्के झालेलेही सुटत नाहीत. २०२२ मध्ये त्या वेळचा सर्वांत महागडा खेळाडू पवन सेहरावत हंगामाच्या पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून बसला आणि पूर्ण हंगाम गेला. त्याच्यामागे नाव होतं, पैसा होता, उपचार होते. तो परत आला. येलदरीच्या मुलाच्या गुडघ्यामागे तीन एकर आहेत.

उलट कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईकडे पाहा. तो लीगमध्ये आला २०१८ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. पहिल्याच हंगामात चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि पुढच्या वर्षी त्याच्यावर एक कोटी पंचेचाळीस लाखांची बोली लागली. उशीर झाला म्हणून त्याची किंमत कमी झाली नाही. पुणेरी पलटणनेही अस्लम इनामदार, मोहित गोयत यांच्यासारखी तरुण मुलं हंगामामागून हंगाम आपल्याकडेच सांभाळली. २०२२ मध्ये अंतिम फेरीत हरल्यावर तोच गाभा कायम ठेवला आणि मार्च २०२४ मध्ये अस्लमच्या नेतृत्वाखाली विजेतेपद मिळवलं. म्हणजे थांबणं हा भाबडा उपदेश नाही, तो चांगला धंदाही आहे.

आणखी एक धोका आहे, तो मला बँकवाला म्हणून दिसतो. ज्या लीगच्या भरवशावर मुलगा शाळा सोडतो ती लीग स्वतः किती वर्षं जगणार? हॉकीचं बघा. २००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग निघाली, तिच्यात 'मराठा वॉरियर्स' होता. २००८ नंतर ती संपली. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली, मुंबईचा संघ होता. २०१७ नंतर तीही थांबली, ती पुन्हा सुरू झाली २०२४ च्या डिसेंबरअखेर. जो मुलगा २०१७ मध्ये अठराव्या वर्षी तिच्यासाठी सगळं सोडून तयार होता, तो लीग परत आली तेव्हा पंचवीस वर्षांचा झालेला होता. खडकीच्या गल्लीतून आलेल्या धनराज पिल्लेच्या पिढीला उमेदीच्या काळात लीग नव्हती, तरी पाठीशी महिंद्राची आणि इंडियन एअरलाइन्सची नोकरी होती.

मग बंदी घालायची का? नाही. बंदीने खोटे जन्मदाखले वाढतात, आणि त्यांचा सुळसुळाट आधीच कमी नाही. पण पाश्चात्त्य टेनिसने एक धडा घेतला तो घेण्यासारखा आहे. जेनिफर कॅप्रिआती १९९० मध्ये, चौदावं वर्ष पुरं व्हायच्या आत व्यावसायिक झाली, दोनच वर्षांत ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकली, आणि विशीच्या आत खेळातून बाहेर फेकली गेली. तिला सावरून पहिलं ग्रँड स्लॅम जिंकायला २००१ उजाडलं. महिला टेनिसने १९९५ पासून नियम केला : चौदाच्या आत व्यावसायिक स्पर्धा नाही आणि अठरापर्यंत दरवर्षी ठरावीक स्पर्धाच. दार बंद केलं नाही, वयाप्रमाणे थोडं थोडं उघडलं.

आपल्याकडे एवढं करायला काय हरकत आहे? अठरा वर्षांखालच्या मुलाचा कोणताही खेळ-करार संघटनेकडे नोंदवल्याशिवाय ग्राह्य धरू नये. पुढच्या कमाईतला हिस्सा लिहून घेण्यावर बंदी असावी. आम्ही कालवडीवर दुभत्या गाईचं कर्ज देत नसू. दुखापतीचा विमा संघाने किंवा अकादमीने काढावा, बापाने नव्हे. बारावी होईपर्यंत शाळा सुटणार नाही अशी अट करारात असावी. आणि संघाने कोवळ्या खेळाडूचे सामने मोजून द्यावेत. यातल्या कशालाही मोठा पैसा लागत नाही. आज मुलगा चमकला तर नफा सगळ्यांचा आणि मोडला तर तोटा एकट्या घराचा, अशी वाटणी आहे. ती बदलली की घाई आपोआप कमी होईल. तोट्यात वाटा असलेला माणूस घाई करत नाही, हे मी पस्तीस वर्षं काउंटरच्या आतून पाहिलं आहे.

तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ आले. सोबत मुलगाही होता. काटक, उंच, खाली मान घालून उभा. मी म्हणालो, "सही करू नका. कर्जही काढू नका. बारावी होऊ द्या. तोवर कुमार गटाचे राज्याचे सामने खेळू द्या. अठरा पुरी झाली की त्याची सही तो करील, आणि तेव्हाही आधी कागद मला दाखवा."

बापाने मान हलवली. मुलाने मात्र प्रथमच वर पाहिलं आणि विचारलं, "आन् तोवर चानस गेला तर, काका?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. जाऊही शकतो. झाडावरची फुलं खुडताना शेतकऱ्याचाही हात थरथरतो, कारण पुढच्या वर्षी पाऊस पडेलच असं त्याला कोणी लिहून दिलेलं नसतं. मी त्याला तसंच सांगितलं. तो काही बोलला नाही. बापाने कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली; फाडला नाही. संध्याकाळी मैदानाकडून आवाज आला म्हणून गेलो, तर दहा-बारा पोरांत तो चढाईला उतरला होता. मी कडेला उभा राहून त्याच्या गुडघ्यांकडेच पाहत होतो.